एक टीव्ही, अख्खी आळी

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, तेव्हा वसई रोड स्टेशनाच्या पश्चिमेचं माणिकपूर गावच होतं: शेती, वाड्या, विहिरी आणि १६०६ सालचं सेंट मायकल चर्च. वरळीचा मनोरा तिथून चाळीसेक किलोमीटरवर. चित्र यायचं, पण आढेवेढे घेत. एकानं छपरावर चढून अँटेना दक्षिणेकडे फिरवायची, दुसऱ्यानं खालून ‘आलं! गेलं!’ ओरडायचं. तरी पडद्यावर मुंग्या असायच्याच.

संच महाग, वर दरवर्षी पोस्टात लायसन्सचे पैसे भरायचे. ही कटकट १९८०च्या दशकाच्या मध्यात सुटली. तोवर आळीत एखाद्याच घरी टीव्ही असे, सरकत्या शटरच्या लाकडी पेटीत, पेटीवर भरतकामाचा रुमाल. शनिवारी मराठी सिनेमा लागला की ओटा भरे. उशिरा येणाऱ्यानं खिडकीच्या गजांतून बघायचं. यजमानीणबाईंना चहाचं आधण वाढवावं लागे, ते वेगळंच.

१९८२च्या आशियाई खेळांबरोबर रंग आले. आखातात नोकरीला गेलेल्यांच्या सामानातून टू-इन-वन आणि व्हीसीआर उतरू लागले. १९८७च्या जानेवारीत ‘रामायण’ सुरू झालं ते रविवारी सकाळी, आणि माणिकपुरात रविवारची सकाळ पूर्वापार मिस्साची!

मग बिल्डिंगी आल्या. १९८८नंतर वसईची जमीन बांधकामाला मोकळी होत गेली. त्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली ‘हरित वसई’चं आंदोलनही पेटलं. पण २००१पर्यंत नवघर-माणिकपूर नगरपरिषदेची लोकसंख्या १ लाख १६ हजारांवर गेली होती. ब्लॉकला ओटा नसतो. दार बंद, आत आपला टीव्ही, आणि गच्चीगच्चीवरून लोंबणाऱ्या केबलच्या वायरी.

घरात कोणत्या वस्तू आहेत, हे जनगणनेनं पहिल्यांदा विचारलं २००१मध्ये. महाराष्ट्रातल्या ४४.१ टक्के घरांत टीव्ही होता; २०११मध्ये ५६.८ टक्के. आकडे खरेच, पण ते खोकी मोजतात, बघणारे नव्हे. अशा तक्त्यात १९७८चं माणिकपूर जवळपास रिकामं दिसलं असतं, आणि दूरदर्शन मालिकेतले ‘चिमणराव’ मात्र आळीतल्या पोरासोरांच्याही ओळखीचे होते.

रेडिओचं उलट झालं. देशातल्या ३५.१ टक्के घरांत तो होता, दहा वर्षांत १९.९ टक्क्यांवर आला. गाणी ऐकणं कुणी सोडलं नव्हतं. एफएम मोबाइलमध्ये शिरलं होतं, आणि तक्त्यात फोनचा रकाना वेगळा होता: ६३.२ टक्के, टीव्हीच्या ४७.२ टक्क्यांच्याही पुढे.