सुरकुत्या झाकण्याचा इतिहास

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत मीही चार ओळी लिहाव्यात असा आपल्या चिटणीसबाईंचा आग्रह पडला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण वाचनाची आवड लहानपणापासून. दुपारची आवराआवर झाली की वाचनालयाचे पुस्तक हाती असतेच. विषय मात्र आपल्या हळदीकुंकवाच्या गप्पांतलाच घेतला आहे. चाळिशी उलटली की आपण आरशासमोर जरा जास्त वेळ उभ्या राहू लागतो. डोळ्यांच्या कडेला रेघा दिसतात, गालावर वांग उठतो, गळ्याची कातडी सैल पडते. मग कोणी साय-हळद सांगते, कोणी कोरफड, कोणी शहरातून आणलेली डबी पिशवीतून हळूच काढून दाखविते. भगिनींनो, यात लाजण्यासारखे काही नाही. बायका हे हजारो वर्षे करीत आल्या आहेत. त्यांनी तोंडाला काय काय फासले आणि त्याचे पुढे काय झाले, हे वाचल्यापासून ही हकीगत आपल्या सगळ्यांच्या कानी घालावी असे मनात होते. कारण ती अजून संपलेली नाही.

इजिप्त देशात सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी लिहिलेली एक वैद्यकाची गुंडाळी सापडली आहे. तिला एबर्स पपायरस म्हणतात. तीत सुरकुत्यांवर एक लेप दिला आहे: धूप, मेण, ताजे तेल आणि मोथ्याच्या जातीचे गवत. आपल्या दिवाळीच्या उटण्यातही नागरमोथा असतो, हे वाचून मला मोठी गंमत वाटली. आपल्याकडे वैद्यांनी सुरकुत्यांना 'वली' आणि पिकल्या केसांना 'पलित' असे नाव ठेवले आहे. चरकसंहितेत वय टिकवून धरणारी म्हणून दहा औषधे सांगितली आहेत. त्यांत आवळा, हिरडा, गुळवेल, पुनर्नवा ही आपल्या ओळखीची मंडळी आहेत. त्यांनी सुरकुती जातेच असे मी म्हणत नाही.

पुढे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये गॅलन नावाचा ग्रीक वैद्य होता. त्याने मधमाश्यांचे मेण, ऑलिव्हचे तेल आणि गुलाबपाणी घोटून एक मलम केले. त्यातील पाणी उडताना कातडीला गार वाटते, म्हणून त्याला पुढे 'कोल्ड क्रीम' हे नाव पडले. दुकानात मिळते त्या कोल्ड क्रीमचा मूळपुरुष तोच. आमची आजी कपाळाला आधी मेण लावी आणि त्यावर पिंजर टेकवी. मेणाची डबी तिच्या फणेरपेटीत वेगळी असे. थंडीत तेच मेण तेलात पातळ करून ती टाचांच्या भेगांत भरी. गॅलनचे नाव तिने कुठून ऐकणार! पण रीत तीच. तेल-मेणाने कातडीतील ओल आतच राहते, आणि कोरडेपणाने पडलेल्या बारीक रेघा भरल्यासारख्या दिसतात. खोल सुरकुती त्याने जात नाही, पण अपायही होत नाही.

अपाय सुरू झाला तो सफेद्याने. शिशाचे पत्रे व्हिनेगरच्या, म्हणजे आंबट शिरक्याच्या, वाफेवर ठेवले की त्यांवर पांढरी पूड धरते. रंगारी दारे-खिडक्या रंगवायला वापरीत, तोच हा सफेदा. युरोपातील श्रीमंत बायका तो तोंडाला लावीत. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीला १५६२ साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी देवी आल्या. त्यानंतर चेहरा झाकण्यासाठी ती हाच पांढरा लेप लावी, असे सांगतात. लेपाचे खरेखोटे इतिहासकार पाहोत. म्हातारपण मात्र तिला खपत नव्हते हे नक्की. १५९६ साली, ती बासष्ट वर्षांची असताना, तिची बेढब दिसणारी चित्रे शोधून नष्ट करावीत असा तिच्या मंत्रिमंडळाने हुकूम काढला. शेवटच्या वर्षांतील तिची चित्रे पाहावीत, तर साठी ओलांडलेल्या बाईला वीस-पंचवीस वर्षांच्या मुलीचे तोंड! एवढे राज्य सांभाळणाऱ्या बाईला गालावरची रेघ सोसू नये, याचे मला हसू येत नाही, वाईट वाटते.

सफेदा वाईट आहे हे त्या काळच्या लोकांना ठाऊक नव्हते असे कोणी समजू नये. लोमात्सो नावाच्या इटालियन चित्रकाराच्या ग्रंथाचे १५९८ साली इंग्रजीत भाषांतर झाले. त्यात स्पष्ट लिहिले आहे की सफेदा लावणाऱ्या बायका लवकर सुकतात आणि त्यांचे केस लवकर पिकतात. म्हणजे म्हातारपण झाकायला जे लावायचे, तेच म्हातारपण ओढून आणी. आणि ते आले की आणखी जाड थर! या फेऱ्यातून बाहेर पडायला वाटच नव्हती. ग्रंथ छापून दीडशे वर्षे झाली तरी सफेदा चालूच होता. आयर्लंडहून लंडनला आलेली मारिया गनिंग ही त्या काळची गाजलेली सुंदरी. १७५२ साली तिचे लग्न कॉव्हेंट्रीच्या सरदाराशी झाले. त्याला रंगरंगोटी आवडत नसे. त्याच वर्षी पॅरिसमध्ये जेवणाच्या बैठकीत तिने तोंडाला रंग लावल्याचा संशय येताच तो टेबलाभोवती तिच्यामागे धावला, आणि सोळा माणसांसमोर त्याने तिचे तोंड रुमालाने खसाखसा पुसले. होरेस वॉलपोल या लेखकाने पत्रात ही हकीगत लिहून ठेवली आहे. नवऱ्याने अडवले ते तिच्या भल्यासाठी, असे कोणी म्हणेल. पण चारचौघांत असे पुसलेले तोंड घेऊन ती बाई कशी बसली असेल? मारिया १७६० साली, तिशी गाठण्याआधीच वारली. काहीजण क्षयाने म्हणतात, पण तोंडावरच्या शिशाने म्हणणारेच जास्त.

पुढची शे-दीडशे वर्षे याच वाटेने गेली. अमेरिकेत कांती उजळण्यासाठी सोमलाच्या वड्या उघड विकल्या जात. १९३० नंतर फ्रान्समध्ये 'थो-रादिया' नावाचे रेडियम घातलेले क्रीम निघाले. त्याच्या जाहिरातीत डॉक्टर क्यूरी असे नाव असे, पण रेडियम शोधणाऱ्या मादाम क्यूरींशी त्यांचे काहीही नाते नव्हते.

त्या मानाने आपल्या मुंबईचा स्नो गरीब. १९१९ साली पाटणवाला यांनी 'अफगाण स्नो' काढला, १९५२ साली टाटांनी 'लॅक्मे' सुरू केले, आणि 'स्नो-पावडर' हा शब्द मराठी घरांत रुळला.

आता मुख्य प्रश्न. चेहरा म्हातारा होतो कशाने? वयाने तर होतोच. पण त्याहून मोठा वाटा उन्हाचा असतो. याची परीक्षा घरच्या घरी होते. आपल्या दंडाची आतली बाजू पाहा आणि मग हाताची पाठ पाहा. दोन्हींचे वय एकच, पण कातडी किती निराळी! २०१२ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एकोणसत्तर वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो आला होता. अठ्ठावीस वर्षे त्याच्या डाव्या गालावर खिडकीच्या काचेतून ऊन येत होते. तो गाल लोंबलेला, खोल सुरकुत्यांचा, आणि उजवा बराच तरुण. ऑस्ट्रेलियात नंबूर गावी नऊशे तीन माणसांवर साडेचार वर्षे प्रयोग झाला, त्याचा निकाल २०१३ साली आला. ज्यांनी उन्हापासून वाचविणारे मलम रोज लावले, त्यांची कातडी मनास येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा चोवीस टक्के कमी जून झाली. शेतात डोक्यावरून पदर ओढून खुरपणाऱ्या बाईला आणि भर दुपारी छत्री उघडणाऱ्या मास्तरणीला आपण हसतो, पण शहाण्या त्याच. पडलेल्या सुरकुत्या थोड्या कमी करणारे औषधही आहे. ते 'अ' जीवनसत्त्वापासून करतात, नाव ट्रेटिनॉइन. १९८८ साली मिशिगनच्या डॉक्टरांनी तीस माणसांवर सोळा आठवडे पाहून ते सिद्ध केले. पण ते डॉक्टरांना विचारूनच लावायचे, आणि पोटुशी बाईने लावू नये.

सफेदा गेला, पण आता पारा आला आहे. पारा कातडीत काळा रंग तयार होऊ देत नाही, म्हणून पंधरा दिवसांत तोंड उजळते, वांग फिका होतो, आणि बाई म्हणते, गुण आला! पण पारा कातडीतून आत जाऊन मूत्रपिंडांत साठतो. टॉवेल, उशीचा अभ्रा यांवाटे घरच्या लेकरांनाही बाधतो. जगातल्या देशांनी २०१३ साली मिनामाता करार केला, भारताने तो २०१८ साली मान्य केला, आणि आपल्या कायद्याप्रमाणे चेहऱ्याच्या क्रीममध्ये दहा लाखांत एक भागाहून जास्त पारा चालत नाही. तरी केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विकाराचे बावीस रोगी डॉक्टरांनी तपासले. त्यांतील पंधरा जणांचा विकार एका विशिष्ट जातीचा निघाला, आणि त्या पंधरांपैकी तेरा जण गोरे करणारे क्रीम लावीत होते. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांना उतार पडला.

आपल्या बाजारातही असली डबी मिळते. परवाच एकीने मला दाखविली. वर परक्या लिपीत अक्षरे, बनविणाराचे नाव नाही, गाव नाही. पायांना सूज चढू लागली की चप्पल बदलू नका. लघवीला फेस येतो का ते पाहा आणि डबी घेऊनच दवाखान्यात जा. विकत घेताना डबीवर बनविणाराचे नाव, पत्ता, परवान्याचा क्रमांक आणि आतल्या वस्तूंची यादी आहे का ते वाचा. परदेशी माल असेल तर आणविणाराचे नाव व नोंदणीचा क्रमांक हवा. यादीत 'मर्क्युरी', 'मर्क्युरस क्लोराइड', 'कॅलोमेल' यांपैकी एकही शब्द दिसला तर डबी परत करा. इंग्रजी वाचता येत नसेल तर नातवंडाला वाचायला सांगा, किंवा शनिवारी मंडळात येताना घेऊन या; भिंगाचा चष्मा माझ्याजवळ असतो.