एकट्याची सीट

तर मंडळी, मागच्या मे महिन्यात हापिसातून ८ दिवसांची सुट्टी मिळाली आणि माझ्यासारख्या आळशी माणसाने जे करावं तेच मी केलं. स्वित्झर्लंडच्या ग्रुप टूरचे पैसे भरून मोकळा झालो. एकटाच! हॉटेलं शोधायचा ताप नाही, रोज बसमध्ये बसायचं आणि दाखवतील ते बघायचं. मित्र मनसोक्त हसले. "बसची टूर? ती रिटायर झाल्यावर करतात रे!" खूश झाली ती फक्त साताऱ्याची मावशी. तिने ३० वर्षं शाळेत भूगोल शिकवला. "हिमनदीचा फोटो पाठव," एवढंच म्हणाली.

पहिला झटका पैसे भरतानाच बसला. पत्रकातली किंमत 'ट्विन शेअरिंग'ची होती. खोलीत जोडीदार नसेल तर जादा पैसे. दुसरा झटका बसमध्ये. आमचा टूर मॅनेजर माणसं जोड्यांनी मोजायचा. १९ जोड्या झाल्या की माझ्यापाशी येऊन अडखळायचा, "...आणि हे एक." पहिल्या दोन दिवसांत सहा जणांनी विचारलं, "मिसेस नाही आल्या?" (लग्न झालेलं नाही म्हटल्यावर पुढे काय काय विचारतात, ते सूज्ञांस सांगणे न लगे.)

मग डोक्यात किडा वळवळायला लागला. ही ग्रुप टूर नावाची भानगड मुळात काढली कोणी, आणि कोणासाठी? परत आल्यावर दोन-तीन वीकांत त्यातच गेले.

सुरुवात सापडते ती ५ जुलै १८४१ ला. थॉमस कुक नावाचा एक इंग्लिश सुतार. दारूबंदीचा कट्टर प्रचारक. त्याने लेस्टरहून लफबरोच्या दारूबंदी सभेसाठी खास आगगाडी ठरवली. तिकीट १ शिलिंग, माणसं ५०० च्या आसपास. आजच्या पॅकेज टूरची ही पणजी म्हणायची.

१८६३ च्या उन्हाळ्यात त्याने स्वित्झर्लंडची पहिली सहल नेली. तिच्यात यॉर्कशरची जेमिमा मॉरेल नावाची एक तरुणी होती. तिने प्रवासाची डायरी लिहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर ती लंडनच्या पडझडीत सापडली आणि सहलीच्या शताब्दीला, १९६३ मध्ये, छापली गेली. आगगाडी, बोट, घोडागाडी, खेचर आणि उरलेलं पायी, असा तो प्रवास. अंगावर घेरदार झगे! आम्ही रिगीच्या डोंगरावर दातेरी रुळांच्या गाडीने बसल्याबसल्या पोचलो, फोटो काढले, कॉफी प्यायलो. ती गाडी सुरू झाली १८७१ ला. म्हणजे जेमिमाच्या वेळी तिथे रूळसुद्धा नव्हते.

जेमिमा तशी एकटी नव्हती, सोबत भाऊ होता. पण खरी गंमत इथेच आहे. त्या काळात मध्यमवर्गीय इंग्लिश बाईने भाऊ, नवरा किंवा बाप बरोबर नसताना परदेशी जाणं म्हणजे लोकांच्या तोंडी जाणं. कुकच्या सहलींनी यावर नामी तोडगा काढला. ग्रुप हीच सोबत! त्याच्या सहलींना बायका मोठ्या संख्येने येत आणि त्यातल्या कित्येक एकट्या येत. तिकीट काढलेलं, मुक्काम ठरलेला, आजूबाजूला आपल्याच भाषेतली चाळीस-पन्नास माणसं. मग लोक बोलणार काय?

बोलणारे बोललेच म्हणा. १८६५ मध्ये चार्ल्स लीव्हर या लेखकाने कुकच्या प्रवाशांची गुराढोरांच्या कळपाशी तुलना करून यथेच्छ टिंगल केली. ऑस्ट्रेलियाने नाकारलेले कैदी इंग्लंड आता सहलींच्या नावाखाली इटलीत पाठवतंय, अशीही पुडी सोडली. माझे मित्र त्यामानाने सभ्यच.

१८६८ च्या सुमारास कुकने हॉटेलची कुपनं काढली. आधी पैसे भरा, तिथे कुपन द्या. झोपायची आणि जेवायची सोय. हिशेब माणशी. तुम्ही जोडीने आलात की एकटे, हा प्रश्नच नाही.

मग माझे जादा पैसे कुठून आले? गणित सोपं आहे. बसचं भाडं भागिले ३९. टूर मॅनेजरचा खर्च भागिले ३९. खोलीचं भाडं मात्र भागिले २. छेदातल्या दोनाचा एक झाला की उत्तर दुप्पट. यात कोणाचा दुष्टपणा नाही, हे इंजिनीयर म्हणून मला मान्य आहे. पण एकट्या माणसाला जगात निर्धास्त फिरता यावं, हे ज्या सोयीने शक्य केलं, तिच्याच पत्रकात आज एकटा माणूस तळटीपेत सापडतो. हे मात्र पटत नाही.

बाकी टूर झकास झाली. रोज सीटा बदलायच्या, त्यामुळे रोज नवा शेजार. चौथ्या दिवशी मागच्या सीटवरच्या आजींनी मेथीचे लाडू पुढे केले आणि "हे एक" म्हणून मोजला जाणारा मी ग्रुपात जमा झालो.

परवा मावशीला ही सगळी कहाणी फोनवर ऐकवली. तिचं लग्न झालेलं नाही. "एकटी कुठे जाऊ?" हे वाक्य मी लहानपणापासून तिच्या तोंडून ऐकतोय. प्रश्न पैशाचा कधीच नव्हता. हिमनदी तिने फळ्यावर शेकडो वेळा काढली असेल, बघितली एकदाही नाही.

ती गप्पच होती. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, "खोलीचे जादा किती पडले म्हणालास?"

आकडा सांगितला.

"आणि पासपोर्टला किती दिवस लागतात रे?"

असो. वीकांत संपला. पुढच्या शनिवारी फॉर्म भरायला साताऱ्याला जातोय.