जुने घर पारखताना

जुने घर विकत घेणे हा सामान्य कुटुंबाच्या आयुष्यातील बहुधा सर्वांत मोठा व्यवहार असतो. बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, मडके घेताना टिचकी मारून त्याचा नाद ऐकतो. घर घेताना मात्र प्रशस्त ओसरी आणि नक्षीची चौकट पाहूनच मन भुलते आणि विसार देऊन आपण मोकळे होतो. कोणती तपासणी आपली आपण करावी आणि कोणत्या तपासणीसाठी जाणकारास चार पैसे देऊन बोलवावे, हा प्रश्न आजचा भासला तरी पुष्कळ जुना आहे. पूर्वीच्या लोकांनी तो कसा सोडविला, हे पाहणे म्हणूनच उपयोगाचे आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घरे, शेते व बागा यांच्या विक्रीचे नियम सांगितले आहेत. नातलग, शेजारी आणि धनको यांना क्रमाने खरेदीचा पहिला हक्क असे. विक्री घरासमोर, शेजारच्या चाळीस कुळांच्या देखत जाहीर करावयाची, किंमत तीनदा पुकारावयाची आणि कोणी हरकत घेतली नाही तरच ग्राहकाने घर घ्यावयाचे, अशी ती पद्धत होती. ही मालकीची तपासणी होय. ज्याला आक्षेप असेल त्याने त्याच वेळी बोलावे, हा तिचा हेतू.

सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत जमिनीची परीक्षा दिली आहे. हातभर खड्डा खणावा आणि निघालेली माती पुन्हा त्यातच भरावी. माती उरली तर जमीन उत्तम, बरोबर बसली तर मध्यम आणि कमी पडली तर वाईट. घट्ट जमीन आणि भुसभुशीत जमीन ओळखण्याची ही युक्ती कोणासही करून पाहता येण्याजोगी आहे.

बायबलच्या लेवीय ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायात तर ओल लागलेल्या घराच्या तपासणीची रीतच नेमून दिली आहे. भिंतीवर हिरवट किंवा तांबूस डाग दिसले की मालकाने याजकाला कळवावयाचे. याजक येण्यापूर्वी घर रिकामे करावयाचे. डाग भिंतीत खोल गेलेला दिसला तर घर सात दिवस बंद ठेवून पुन्हा पाहावयाचे. डाग पसरला असेल तर तेवढे दगड काढून, गिलावा खरवडून भिंत नवी करावयाची. इतके करूनही तो उलटला तर घर पाडावयाचे. या विधीचा धार्मिक अर्थ काहीही असो, त्यातील व्यवहारज्ञान स्पष्ट आहे. घर रिकामे असताना पाहावे आणि एकदा पाहून निर्णय करू नये.

आपल्याकडे या व्यवहाराला आजचे कायदेशीर रूप आले ते १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने. त्याचे पंचावन्नावे कलम श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे असे आहे. मालमत्तेतील किंवा मालकीहक्कातील जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याला तो कळण्यासारखा नाही, तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे, असे हे कलम म्हणते. याचा व्यवहारी अर्थ असा की दोष तीन प्रकारचे असतात. जो डोळ्यांना दिसतो तो घेणाऱ्याने स्वतः पाहावयाचा. जो विकणाऱ्याला ठाऊक आहे तो त्याला विचारावयाचा, आणि शक्यतो लेखी विचारावयाचा. परंतु तिसरा दोष असा असतो, की तो घेणाऱ्याला दिसत नाही आणि विकणाऱ्यालाही माहीत नसतो. तिथे कायदा फारसा कामास येत नाही. जादा तपासणीचे पैसे खर्चावयाचे ते या तिसऱ्या दोषासाठी.

हा दोष किती भयंकर असू शकतो, हे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने दाखविले. लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. तिथल्या जुन्या घरांच्या दगडी भिंती चांगल्या रुंद होत्या. पण आतबाहेर दगडांचे दोन थर, मध्ये चिपा व माती, आणि दोन्ही थरांना आरपार बांधणारे लांब दगड पुष्कळ ठिकाणी नव्हतेच. वर मातीच्या माळवदाचा भार. जी भिंत बळकट दिसत होती तीच फुटून माणसांवर आली. त्या घरांच्या मालकांनी कोणाला फसविले नव्हते. दोष त्यांनाही दिसत नव्हता.

आता कणकुंबीकडे वळू. मलप्रभेचा उगम असलेले खानापूर तालुक्यातील हे गाव बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यास जाणाऱ्या रस्त्यावर आहे. बेळगाव जिल्ह्यात अतिशय पाऊस पडणाऱ्या गावांत त्याची गणना होते. इथे घराचा खरा परीक्षक पाऊसच. जुन्या घरांना मातीच्या किंवा जांभ्या दगडाच्या भिंती आणि लाकडी वाशांवर कौले. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की कठीण होतो. पण तो सच्छिद्र असल्यामुळे पायातील ओल वर ओढतो. मंगळुरी कौलांचा कारखाना बासेल मिशनने मंगळुरास १८६५ मध्ये काढला आणि पुढे ही कौले सर्वत्र पसरली. गवताचे छप्पर उतरवून कौले चढविलेल्या घरात जुने वासे तो भार कसे पेलत आहेत, हे पाहावे लागते.

म्हणून या भागात जुने घर घेणाऱ्याने ते चैत्रातच पाहून ठरवू नये. चवथीपूर्वी दिलेला नवा रंग पुष्कळ काही झाकतो. आषाढ-श्रावणात, चांगली सर कोसळून गेल्यावर पुन्हा जावे. ओल, गळती, अंगणात तुंबणारे पाणी हे सारे त्या वेळी फुकट दिसते. खर्च करावयाचा तो चार ठिकाणी. वाळवी वरून लाकूड शाबूत ठेवून आतून पोखरते. तेव्हा वाशांची टोके आणि भिंतीत गेलेली तुळयांची तोंडे अनुभवी सुताराकडून ठोकून व टोचून पाहवावी. भिंत फुगली असेल किंवा तिला तिरकी भेग असेल तर इमारतीच्या अभियंत्यास बोलवावे. जुनी वीजजोडणी परवानाधारक तारतंत्र्याकडून तपासावी, कारण ओल्या भिंतीतील उघडी तार जीव घेते. विहिरीजवळ शोषखड्डा असेल तर पाणी प्रयोगशाळेत पाठवावे.

कागदांची तपासणी तितकीच आवश्यक. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्यामुळे एकाच घराच्या बोचक्यात मोडी, बाळबोध मराठी आणि कानडी असे तीन प्रकारचे कागद निघू शकतात. बोजाच्या दाखल्यात नोंदलेले दस्तच दिसतात. न झालेली वाटणी किंवा बहिणीचा हिस्सा त्यात दिसत नाही. तो वकील पाहील, आणि शेजारीही सांगतील. कौटिल्याची चाळीस कुळे अजून निरुपयोगी झालेली नाहीत.

सर्वच तपासण्या सर्वांना परवडत नाहीत. निवड करावयाची तर प्रथम जिवाला धोका करणारा दोष, मग घराच्या किमतीच्या मानाने दुरुस्तीस फार खर्च लावणारा दोष, आणि शेवटी केवळ गैरसोयीचा दोष असा क्रम लावावा. पहिल्या दोहोंवर झालेला खर्च वाया गेला असे मानू नये. तपासणीत काही निघाले नाही, तर त्या घरात पहिल्या पावसाच्या रात्री निर्धास्त झोप लागते. काही निघाले, तर आयुष्याची पुंजी हाती असतानाच कळते.