मुलकी आणि मुक्कामी

हैदराबादेतील एखादा तरुण घरबसल्या कामासाठी परदेश निवडू लागला, की मला जुन्या संस्थानातील मुलकी नियमांची आठवण होते. १९१९ च्या फर्मानाप्रमाणे मुलकी नसलेल्यास सरकारी चाकरीसाठी निजामाची खास मंजुरी लागे. बाहेरून आलेला मनुष्य मुलकी व्हावयाचा, तर १५ वर्षांचे कायम वास्तव्य हवे. शिवाय मूळ ठिकाणी परतण्याचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञापत्र मॅजिस्ट्रेटकडून साक्षांकित करून घ्यावे लागे. केवढी ही अट! परंतु तिच्या मुळाशी भूमिपुत्रांच्या पोटाचा प्रश्न होता. त्याच प्रश्नावरून १९५२ साली शहरात गोळीबार झाला, माणसे मेली. संसदेने ते नियम १९७३ साली रद्द केले.

एस्टोनियाने ऑगस्ट २०२० मध्ये दूरस्थ कामगारांसाठी व्हिसा काढला, त्यात नेमके उलटे आहे. वेतन मुख्यतः परदेशातून यावे, म्हणजे तेथील कोणाची नोकरी जात नाही. मुक्काम फार तर वर्षाचा. बार्बाडोसचा परवानाही बारा महिन्यांचाच. हवापाणी, घरभाडे सारेच विचारतात. मुदतीनंतर काय, हे मात्र क्वचितच. निजामाच्या दफ्तराला परतीचा विचार सोडलेला मनुष्य हवा होता, या नव्या कचेऱ्यांना परत जाणारा हवा आहे.