पाळीव कुत्रीला नकळत गर्भ राहिल्यास

गोव्यातील अनेक घरांत कुत्रे अंगणात मोकळेच असते. फाटक थोडा वेळ उघडे राहिले, तरी माजावर आलेल्या कुत्रीच्या वासाने वाड्यावरचे कुत्रे आत शिरतात. त्यानंतर घरच्यांच्या हाती दोन महिनेच उरतात. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. त्यातील पहिला महिना निर्णयाचा आणि दुसरा तयारीचा. बहुतेकदा ‘बघू या’ म्हणण्यातच पहिला महिना निघून जातो आणि मग पर्याय उरत नाहीत.

मीलनानंतर दोन्ही प्राणी काही मिनिटे, क्वचित अर्धा तासही, एकमेकांत अडकून राहतात. त्यांना ओढून किंवा काठी मारून वेगळे करू नये. त्याने गर्भ टळत नाही, इजा मात्र होते. तारीख लिहून ठेवावी. माजाचे उरलेले दिवस तिला बंदिस्त ठेवावे, कारण एकाच वेतातील पिल्लांचे बाप निरनिराळे असू शकतात.

गर्भ राहिला की नाही, हे पोटाकडे पाहून ठरवता येत नाही. गर्भ नसतानाही कुत्रीचे सड फुगतात, दूधही येते. चौथ्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफीत खात्री होते. पिल्ले नकोच असतील, तर पशुवैद्याकडे मीलनानंतर लगेच जावे. गर्भ असतानाही गर्भाशय व बीजांडे काढण्याची शस्त्रक्रिया करता येते, मात्र दिवस वाढतील तशी तिची जोखीम वाढते. माणसांसाठीच्या गर्भपाताच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून आणून देण्याचा उपद्व्याप कोणी करू नये. ‘मीलनानंतरचे इंजेक्शन’ म्हणून पूर्वी सर्रास दिल्या जाणाऱ्या इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयात पू होऊ शकतो आणि अस्थिमज्जेवरही घातक परिणाम होतो. त्या औषधाचा आग्रह मालकानेच धरला, तर पशुवैद्याने नकार देणेच योग्य.

पिल्ले होऊ द्यायचे ठरल्यास शेवटच्या तीन आठवड्यांत आहार हळूहळू वाढवावा. घरातील आमटी-भात देताना कांदा-लसूण आणि माशांचे काटे वगळावेत. पशुवैद्याने सांगितल्याशिवाय कॅल्शियमच्या गोळ्या देऊ नयेत. गर्भकाळात अति कॅल्शियम दिल्यास व्याल्यानंतर रक्तातील कॅल्शियम घसरून झटके येण्याचा धोका वाढतो. ५५व्या दिवसानंतर क्ष-किरण तपासणीत पिल्ले मोजता येतात आणि प्रसूती पूर्ण झाली की नाही हे समजायला तो आकडा उपयोगी पडतो. प्रसूतीपूर्वी साधारण एक दिवस शरीराचे तापमान ९९ अंश फॅरनहाइटच्या खाली उतरते. अर्धा तास जोराच्या कळा येऊनही पिल्लू बाहेर आले नाही, दोन पिल्लांमध्ये दोन तासांहून अधिक अंतर पडले किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवट स्राव दिसला, तर सकाळची वाट पाहू नये. रात्री उपलब्ध असणाऱ्या पशुवैद्याचा क्रमांक म्हणूनच आधी शोधून ठेवावा.

खरी कसोटी नंतरची. पिल्ले आठ आठवडे आईजवळ राहायला हवीत. २०१७ च्या श्वान-प्रजनन नियमांनीही त्याआधी विक्रीला मनाई केली आहे. गोलकृमी आईकडूनच पिल्लांत येतात, म्हणून जंतनाशक दुसऱ्या आठवड्यापासूनच सुरू करतात. पुढे लसीकरण. पिल्लांसाठी घरे शोधायला ती डोळे उघडण्याआधीच लागावे. चिखलात खेळणारी सहा पिल्ले पावसाळ्यात कोणालाही गोड वाटतात, पण मागणारे हात तीनच असतात. उरलेली मासळी बाजाराजवळ किंवा किनाऱ्यावर सोडणे ही क्रूरता असून, प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार गुन्हाही आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र १० ते ५० रुपये, म्हणजे पिल्लाच्या एका लशीहूनही कमी!

अशी सोडलेली मादी सहा महिन्यांनंतर स्वतः माजावर येऊ शकते. पाळीव कुत्र्याचे जंतनिवारण, लसीकरण व निर्बीजीकरण ही २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार मालकाची जबाबदारी आहे. ‘एकदा तरी वेत होऊ द्यावे, मगच शस्त्रक्रिया’ या समजुतीला वैद्यकीय आधार नाही. पिल्लांचे दूध तुटले, आईचे दूध आटले की पशुवैद्याकडून शस्त्रक्रियेची तारीख घ्यावी. पुढचा माज बहुधा सहा महिन्यांच्या अंतराने येतो, तरी तो लवकरही येऊ शकतो. तोवर फाटकाला कडी हवी. घरात नर असेल तर त्याचेही निर्बीजीकरण याच वेळी करून घ्यावे, कारण पिल्लांतील एखादी मादी घरीच ठेवली तर बाप आणि भाऊ हे नाते कुत्र्यांना अडवत नाही.