बीटलची बॅटरी
१८५९ साली गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने सिद्ध केलेला शिसे व गंधकाम्ल यांचा विद्युत्घट पुढे ज्या असंख्य वाहनांत राबला, त्यांत जर्मनीच्या फोक्सवॅगन बीटलचा वृत्तांत मला विशेष मननीय वाटतो. मागच्या आसनाखाली ठेवलेली तिची बॅटरी आरंभी तीन घटांची, सहा व्होल्टची असे. १९६७ च्या सुमारास बारा व्होल्टची पद्धत रूढ झाली, आणि तेव्हापासून आपली गाडी कोणत्या अमदानीतली याची तहकीकात केल्यावाचून नवी बॅटरी घेणे धोक्याचे ठरले. परंतु व्होल्ट जुळले तरी उंचीही मोजावी, असे मी आग्रहाने म्हणेन. कारण उंच बॅटरीच्या उघड्या टर्मिनलांना, बसणाऱ्याच्या भाराने दबलेल्या आसनाच्या पोलादी स्प्रिंगा टेकून गाड्या पेटल्याचे दाखले आहेत.