ॲडलेडमधले सांगलीकर

ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरात मी दोनदा गेलो. पहिल्यांदा गेलो ते लेकीकडं, निव्वळ फिरायला. पाहुण्याला दाखवतात ते सगळं जावयानं दाखवलं. टॉरेन्स नदी, बागा आणि नदीपलीकडचं क्रिकेटचं मैदान. मैदानाच्या एका कडेला मोठाल्या फांद्यांची जुनी झाडं आहेत. आपल्या वडाचेच भाऊबंद. मागं चर्चचे दोन मनोरे, आणि १९११ सालचा, माणसांनी हातानं आकडे फिरवायचा धावफलक. मी झाडांचे फोटो काढले आणि सांगलीला परत आलो.

अब्बांनी फोटो बघितले. आमच्या घरात बोलणं दखनीत चालतं, पण क्रिकेट मात्र मराठीत. अब्बा म्हणाले, "हजाऱ्यांचं मैदान बघून आलास, आणि फोटो झाडांचे आणलेस होय?"

मला लाज वाटली. विजय हजारे सांगलीचे, एवढं गावातलं पोर सांगतं. जन्म ११ मार्च १९१५, मराठी ख्रिस्ती कुटुंब, वडील शिक्षक. पण ॲडलेडच्या त्या हिरवळीवर उभा असताना माझ्या ते ध्यानातही आलं नव्हतं. प्रवाशाचं असंच असतं, जे दाखवलं तेवढंच त्याला दिसतं.

मग वाचायला बसलो. जानेवारी १९४८. समोर ब्रॅडमनचा संघ, पहिल्या डावात ६७४ धावा. भारताच्या उत्तरात हजाऱ्यांच्या ११६, दत्तू फडकरांच्या १२३. तरी फॉलोऑन मिळालाच. दुसऱ्या डावात फळ्यावर शून्य असताना मांकड आणि कर्णधार अमरनाथ, दोघेही गेले. लिंडवॉलनं ३८ धावांत ७ बळी घेतले, आपले सहा जण शून्यावरच राहिले. त्या पडझडीत हजाऱ्यांनी १४५ केल्या. एकूण धावा २७७. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. सामना आपण एक डाव आणि १६ धावांनी हरलो.

त्या डावात काही वेळ जोडीला गुल महंमद होते, त्यांनी ३४ केल्या. ते लाहोरचे. आदल्याच वर्षी, मार्च १९४७ मध्ये, याच दोघांनी बडोद्याकडून होळकर संघाविरुद्ध ५७७ धावांची भागी रचली होती. तो विक्रम २००६ पर्यंत टिकला. भागी आणि ॲडलेड यांच्या मधे फाळणी झाली होती. पुढं गुल महंमद पाकिस्तानात गेले आणि १९५६ साली त्या देशाकडून एक कसोटी खेळले. त्या दोघांत त्या दिवशी काय बोलणं झालं असेल, याचा विचार मी आजही करतो. बहुधा धाव घ्यायची की नाही, एवढंच.

पण मला हलवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. हजाऱ्यांना घडवण्यात ॲडलेडच्याच एका माणसाचा हात होता. क्लॅरी ग्रिमेट. जन्म न्यूझीलंडचा, धंदा पाट्या रंगवण्याचा, आणि कसोटीत २०० बळींचा टप्पा गाठणारा पहिला गोलंदाज. तीसच्या दशकाच्या अखेरीस जतच्या डफळे राजांनी त्याला शिकवायला बोलावलं होतं. जत म्हणजे आपला दुष्काळी जत, तेव्हा सातारा जहागिरींपैकी एक संस्थान. नंतर तो मुलूख १९४९ साली झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यात आला, आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याचं नाव सांगली झालं. हजारे बॅट दोन पॅडांच्या मधे धरून उभे राहत. बघणाऱ्याला ते अवघडलेलं वाटे. ग्रिमेटनं सांगितलं, उभं राहणं बदलू नकोस. गुरूनं शिष्याचं काय बदलायचं नाही हे ओळखणं, हे मला फार मोठं वाटतं.

अब्बांनी आणखी एक सांगितलं. ते तेव्हा बारा वर्षांचे. सामना २८ जानेवारीला संपला. शतकांचं कौतुक अजून गल्लीत चाललं होतं, तोवर ३० तारखेला गांधीजी गेले. मग सातारा-सांगलीकडं ब्राह्मणांची घरं जळाली. अब्बा म्हणाले, "माझ्या वर्गातला दोस्त त्यानंतर शाळेत आला नाही. हजाऱ्यांची गोष्ट मग कुणाशी बोलायची?" इतक्या वर्षांत हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

दोन वर्षांनी मी पुन्हा ॲडलेडला गेलो, तेव्हा कामाला. तिथल्या मराठी मुलांना रविवारी भाषा शिकवायची होती. पहिल्या दिवशी मी त्यांना त्यांच्याच मैदानाची ही गोष्ट सांगितली. नकाशावर जत शोधायला पाच मिनिटं लागली. एक मुलगी म्हणाली, तिचे आजोबा दहिवडीचे, तिकडंही पाऊस नसतो. मग आम्ही वहीत दोन अक्षरं लिहिली, 'जत'. 'ज' सगळ्यांना जमला, 'त' बऱ्याच जणांचा उलटा आला.